साहेबांच्या घरचं माप

बस आठची होती. वजनमापे खात्याचे निरीक्षकसाहेब साडेसातलाच स्टँडवर जाऊन उभे राहिले. मित्राच्या ओढीने म्हणाल, तर तसं काही नाही. वेळेच्या आधी पोचायचं ही त्यांची जुनी खोड, आणि जे वेळेवर येतात त्यांना उशिरा आलेलं धरायचं ही त्याहून जुनी. अर्धा तास हाताशी होता म्हणून त्यांनी स्टँडवरच्या फळवाल्याचा काटा तपासला. आज साहेबांची रजा होती. फळवाल्याला ते माहीत नव्हतं आणि साहेबांनी सांगितलं नाही. काटा बरोबर निघाला. साहेबांचं तोंड उतरलं.

येणारा मित्र म्हणजे पेंग्या. दोघं गावच्या शाळेत एका बाकावर बसायचे. तिसरा तास लागला की पेंग्या पेंगायला लागायचा, म्हणून पेंग्या. साहेब बाकावर असे बसायचे की जणू शर्टात पट्टी घातली आहे, म्हणून ते ताठ्या. चाळीस वर्षांनी झालं काय, तर जो शाळेत झोपा काढायचा तोच त्या शाळेचा मुख्याध्यापक होऊन बसला. साहेबांना ही गोष्ट अजून पचली नव्हती. "शाळेला दुसरा माणूसच मिळाला नसेल," असं ते बायकोला वर्षातून दोनदा तरी ऐकवत.

पण आज साहेबांची गरज ह्याच पेंग्यापाशी अडकली होती. शाळेच्या सभागृहात एक दगडी फलक आहे. शाळेला ज्यांचा अभिमान वाटतो अशा माजी विद्यार्थ्यांची नावं त्यावर कोरतात, दर वर्षी एक. आतापर्यंत अकरा झाली होती. साहेबांना अकराही पाठ होती आणि प्रत्येकाबद्दल सांगण्यासारखं काहीतरी वाईट ठाऊक होतं. वैमानिक होता, तो दोनदा नापास झालेला. डॉक्टर होता, तो सासऱ्याच्या दवाखान्यात बसलेला. खेळाडू होता, तो देशाकडून एक सामना खेळला, तोही राखीव म्हणून. बाराव्या जागेसाठी यंदा साहेबांचं नाव निघालं होतं. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. साहेब वरवर म्हणत, "मला काय करायचंय दगडावर नाव?" आणि रात्री उताणे पडून ते नाव कसं दिसेल, आडनाव आधी घेतील की नंतर, ह्याचा विचार करत. आयुष्यात त्यांना दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

फक्त एक अट होती. तीन वर्षांपूर्वी एका कारखानदाराने स्वतःचा परिचय स्वतःच लिहून पाठवला होता. समारंभात तो वाचून होतो न होतो तोच त्याचा मेव्हणा उठून उभा राहिला आणि खरं काय ते भर सभेत सांगून मोकळा झाला. तेव्हापासून पेंग्याने नियम घातला होता. ज्याचं नाव लागायचं त्याच्याबरोबर मुख्याध्यापकाने सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक दिवस काढायचा आणि डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. तेच मुलांसमोर वाचायचं.

बस आठ वाजून चार मिनिटांनी आली. पेंग्या उतरला तो ढगळ सदरा, हातात कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर झोप घेऊनच.

"चार मिनिटं," साहेब म्हणाले.

"मी चालवत नव्हतो रे," पेंग्या म्हणाला आणि त्याने साहेबांना मिठी मारली. साहेब मिठीतही ताठच राहिले.

स्टँडवरच्या बाकावर बसून साहेबांनी खांद्यावरच्या पिशवीतून थर्मास आणि दोन पेले काढले. "हे लिहून घे," ते म्हणाले. "तीस वर्षांच्या नोकरीत, त्यातली चोवीस ह्या शहरात, मी कोणत्याही दुकानातला घोटभर चहा घेतलेला नाही. घरचा थर्मास बरोबर. दुकानात पाणीसुद्धा पीत नाही. परिचयाचं पहिलं वाक्य हेच पाहिजे."

पेंग्याने वही काढली, पण लिहिलं नाही. चहा मात्र प्यायला. "चहा झकास आहे," तो म्हणाला.

"असणारच. घरचा आहे. आमच्याकडे बायकोचा हात असा आहे की महिनाअखेरही डबा तळाला जात नाही. लोकांच्या घरी पंचवीस तारखेपासून रड असते. आमच्याकडे कधी नाही. हेही लिही. शिस्त घरापासून लागते."

पेंग्याला मनोरा पाहायचा होता. शहरात येणारा प्रत्येकजण मनोरा पाहतो, म्हणून त्यालाही पाहायचा होता. साहेबांना ह्या असल्या हौशीची चीड होती. चोवीस वर्षांत ते मनोऱ्यावर चढले नव्हते. "वरून काय दिसतं? छपरं. आणि छपरांवर वाळत घातलेले कपडे," ते म्हणाले, पण पेंग्याच्या हातातल्या वहीकडे बघून चालू लागले.

मनोऱ्याच्या पायथ्याशी माणसांचं वजन करायचं जुनं यंत्र होतं. नाणं टाकलं की वजन छापलेलं तिकीट पडतं आणि मागच्या बाजूला भविष्य असतं. पेंग्या लहान पोरासारखा त्यावर चढला. तिकिटावर ब्याऐंशी किलो आलं.

"खोटं आहे," साहेब म्हणाले. "हे यंत्र तीन किलो कमी दाखवतं. लोक खूश होऊन जातात आणि पुन्हा नाणं टाकतात. मी दोनदा बंद पाडलं. पुन्हा सुरू होतं."

"मागे लिहिलंय, जुना मित्र लाभदायक ठरेल," पेंग्याने वाचलं.

"तेही तपासलेलं नसतं."

पेंग्या हसत हसत मनोऱ्यावर चढून आला. साहेब खालीच थांबले. तो वरून हात हलवत होता आणि खाली उभे राहून साहेब विचार करत होते, की ह्या माणसाच्या लेखणीवर आपलं नाव अवलंबून असावं, म्हणजे काय दिवस आलेत.

मग साहेबांनी त्याला आपलं शहर दाखवलं. मनोरा, बाग, संग्रहालय हे बघ्यांचं शहर. साहेबांचं शहर निराळं. रेल्वेच्या पार्सल खिडकीवरचा काटा, पेट्रोल पंपावरचं पाच लिटरचं माप, कापडबाजारातल्या लोखंडी मीटरपट्ट्या. एका कापडवाल्याने मीटरपट्टीचं टोक घासून बोटभर कमी केलं होतं, ती पट्टी साहेबांनी कशी पकडली ते त्यांनी दुकानासमोर उभं राहून, दुकानदाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. दुकानदार गल्ल्यावरून उठून उभा राहिला. ज्याने पट्टी घासली होती तो ह्याचा बाप, आणि तो वारूनही नऊ वर्षं झाली होती. साहेबांनी हेही सांगितलं, पण शेवटी.

इस्पितळात त्यांनी बाळांचं वजन करायचा काटा दाखवला. पूर्वी तिथली परिचारिका काट्यावर दुपटं अंथरायची आणि काटा शून्यावर आणायला विसरायची. त्यामुळे त्या इस्पितळात जन्मलेलं प्रत्येक बाळ साठ ग्रॅम जास्त भरायचं. साहेबांनी एका भेटीत ते शोधून काढलं.

"मग आयांना वाईट वाटलं असेल," पेंग्या म्हणाला.

"वाटू दे. जास्त भरलेलं मापसुद्धा खोटंच माप असतं. लोकांना वाटतं कमी दिलं तरच चोरी. मापात दोन्ही चुका सारख्या."

हे वाक्य मात्र पेंग्याने वहीत उतरवून घेतलं. साहेब मनातून सुखावले. हा गडी आता जागा झाला म्हणायचा, असं त्यांना वाटलं.

दुपार कलताना ते किराणा बाजारात शिरले आणि साहेबांची चालच बदलली. ह्या बाजारात त्यांचा दरारा होता. गल्लीच्या तोंडाशी पाऊल पडलं की पुढच्या टोकाला बातमी पोचायची. दुकानदार उठून उभे राहत होते, नमस्कार करत होते, कोणी खुर्ची पुढे करत होतं, कोणी पोराला चहा आणायला पिटाळत होतं आणि साहेब हाताने नको नको करत पुढे जात होते. "बघतोयस ना?" ते पेंग्याला म्हणत होते. "एकाच्याही पंक्तीला बसलो नाही. म्हणून हा धाक आहे."

पेंग्या बघत होता. दुकानदार नमस्कार करत होते हे खरं. नमस्कार झाल्यावर एकमेकांकडे पाहत होते हेही त्याला दिसत होतं. साहेबांना ते दिसलं नाही, कारण मागे वळून पाहायची त्यांना सवय नव्हती.

"घरी न्यायला थोडी पत्ती घेतो," पेंग्या म्हणाला. "सकाळचा चहा जिभेवर आहे अजून. कुठून आणता तुम्ही?"

साहेबांनी समोरचं दुकान दाखवलं. "हा माणूस चोख आहे. चोवीस वर्षांत चोवीस तपासण्या, एकदाही दोष नाही. तू जा. मी इथेच थांबतो."

"का रे?"

"माझा नियम आहे. गिऱ्हाईक म्हणून मी कुठल्याही दुकानाची पायरी चढत नाही. उद्या कोणी म्हणायला नको की साहेबाला बघून माल दिला. घरचं सगळं बायको आणते. ती काही साहेब नाही."

आता ह्याला काय म्हणायचं? माणूस शिकलेला, तीस वर्षं दुसऱ्यांची लबाडी हुंगत फिरलेला, आणि त्याला वाटत होतं की अख्ख्या बाजाराला त्याची बायको कोण ते माहीत नसेल. साहेब दुकानाकडे पाठ करून उभे राहिले. पाठ करून अशासाठी, की बाहेरून डोळे वटारत होते असंही कोणाला म्हणता येऊ नये.

पेंग्या आत गेला तो हसत आणि बाहेर आला तो गप्प. हातात अर्धा किलोची पुडी होती. घराच्या वाटेवर साहेब निवृत्तीनंतर बाजार कसा बोकाळेल ते सांगत होते आणि पेंग्या नुसता हं हं करत होता.

"ताठ्या, तू त्या दुकानातून स्वतः कधी काही घेतलंयस?" त्याने मध्येच विचारलं.

"सांगितलं ना. कधीच नाही."

"घरी आलेलं कधी मोजून पाहिलंयस?"

"घरचं कशाला मोजू? दुकानाचा काटाच मी तपासलेला असतो."

पेंग्या मान खाली घालून चालत राहिला. साहेबांना वाटलं, झोप आली असेल.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. साहेबांच्या बायकोने दार उघडलं, "या भाऊजी" म्हणाली, पाणी दिलं आणि चहा टाकायला आत गेली. शिडशिडीत बाई, कमी बोलणारी. साहेब तिच्याबद्दल कौतुकाने बोलत, पण तिच्याशी बोलत ते बहुतेक सूचनाच असत.

पेंग्याची बस सहाची होती. घड्याळात सव्वाचार झाले होते. त्याने वही मांडीवर घेतली आणि पुडी टेबलावर ठेवली. "तपासणी कशी करतात ते एकदा दाखव. मुलांना नीट समजेल असं लिहितो. ही पुडीच घे."

साहेबांना हेच हवं होतं. त्यांनी पिशवीतून घडीचा तराजू काढला, दांडी जोडली, पारडी अडकवली. मग वजनांची पेटी उघडली. हिरव्या मखमलीत पितळेची वजनं मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने बसवलेली. "वजन बोटांनी उचलायचं नाही," ते चिमटा घेत म्हणाले. "घाम लागतो, वजन वाढतं. ही पाचशेची पुडी. हे पाचशेचं वजन. आता दांडी सरळ राहील."

दांडी सरळ राहिली नाही. पुडीचं पारडं खाली गेलं आणि टेबलाला टेकलं.

साहेबांनी पन्नास टाकलं. काही नाही. पन्नास काढून शंभर टाकलं. दांडी सावकाश वर आली आणि सरळ झाली. सहाशे ग्रॅम.

साहेबांचा चेहरा असा उजळला की काय विचारता. "सापडला," ते म्हणाले. "काटा बिघडलाय त्याचा, आणि गाढवाला पत्ता नाही. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. चल, ऊठ. आत्ताच्या आत्ता जाऊन सील लावतो. तुझ्या डोळ्यांदेखत. परिचयात शेवटी हे घे." आणि ते बूट शोधायला लागले.

"बस खाली," पेंग्या म्हणाला. वर्गात म्हणावं तसं म्हणाला, आणि गंमत म्हणजे साहेब बसले. "काटा बरोबर आहे. मी समोर उभा होतो. काट्यावर पाचशे आलं, मग त्याने वरून एक वाटी पत्ती पुडीत टाकली आणि पुडी बांधली. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाला, साहेबांचे पाहुणे ना तुम्ही, हे साहेबांच्या घरचं माप."

साहेबांची बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिने तराजूकडे पाहिलं, पुडीकडे पाहिलं आणि ट्रे टेबलावर ठेवला.

"त्यात काय एवढं? आपल्याकडे नेहमी तेवढंच येतं," ती म्हणाली.

"नेहमी म्हणजे?"

"म्हणजे नेहमी."

साहेबांनी तिला साखर आणायला सांगितली. कालच आलेली, न फोडलेली एक किलोची पुडी होती. त्यांनी ती पारड्यात ठेवली आणि दुसऱ्या पारड्यात वजनं रचायला लागले. पाचशे, दोनशे, दुसरं दोनशे, शंभर. पुडी जागची हलली नाही. पन्नास, वीस, दुसरं वीस, दहा. पेटीतली वजनं संपली, मखमलीत नुसत्या खळग्या उरल्या, तरी साखर खालीच होती.

"तांदूळ आणू?" बायकोने विचारलं. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. खरंच आणू का, असं विचारत होती.

"तू मागायचीस?" साहेबांनी विचारलं.

"एकदाही नाही. ते घालायचे, मी पिशवी पुढे धरायची. पहिल्या महिन्यात नको म्हटलं, तर पत्तीवाला म्हणाला, वहिनी, साहेबांचा निरोप आम्हाला कळतो."

"कसला निरोप? मी कधी निरोप दिला?"

"तुम्ही स्वतः दुकानात येत नव्हता आणि मला पाठवत होता. त्याचा अर्थ त्यांनी लावला. सगळ्या बाजाराने लावला." तिने पेंग्यापुढे कप सरकवला. "भाऊजी, घ्या, गार होईल. बाजारात काय म्हणतात ते तुम्हाला त्याने सांगितलंच असेल."

पेंग्या कपात बघत राहिला.

"काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं.

"म्हणतात, साहेब चहा घेत नाहीत, पत्ती नेतात."

साहेबांनी आयुष्यभर लोकांना तुच्छ लेखलं होतं. फळवाल्याला, कापडवाल्याला, परिचारिकेला, फलकावरच्या अकराही जणांना. आपल्याकडे मागून बघून कोणी हसत असेल ही शक्यता त्यांनी कधी जमेतच धरली नव्हती. आणि इथे चोवीस वर्षं पन्नास-साठ दुकानं हात जोडून, पोट धरून हसत होती. नमस्कार करून हसत होती. खुर्ची पुढे करून हसत होती.

"मला सांगितलं का नाहीस?"

"आधी वाटलं, तुम्हाला माहीत आहे," बायको म्हणाली. "वाटलं, हीच तुमची पद्धत असेल. वर्षभराने लक्षात आलं, की तुम्हाला खरंच माहीत नाही. तोवर दोन पोरं शाळेत जायला लागली होती आणि तुमच्या पगारात डबे भरत नव्हते. मग मी गप्प बसले. तुम्ही आल्यागेल्याला माझा हात कसा आहे ते सांगायचात, तेव्हा माझं तोंड बघायचं होतंत. बघितलं असतं तर कळलं असतं. मापाचे साहेब तुम्ही. घरात आलेली एक पुडी कधी हातात घेऊन पाहिलीत?"

ती आत गेली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. बरीच वर्षं साठलेलं बोलून झालं होतं आणि आता तिला घाई नव्हती.

साहेबांनी कायद्याचा आधार शोधला. बुडता माणूस दुसरं काय करणार? "कमी मापाला कलम आहे," ते म्हणाले. "जास्त दिलं तर गुन्हा होत नाही. मी कोणालाही सोडलेलं नाही. ह्याच पत्तीवाल्याचा काटा दर वर्षी खरा निघाला म्हणूनच शिक्का दिला. साखरवाल्याला दोनदा दंड केलाय."

"ते खरं आहे. दंड झाला त्या महिन्यात तो जास्तच घालायचा," बायको म्हणाली.

"गुन्हा होत नाही हे कबूल," पेंग्या म्हणाला. "पण दुपारी बाळांच्या काट्यापाशी तू काय म्हणालास ते मी उतरवून घेतलंय."

साहेब उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. पाच वाजत आले होते. टेबलावर वही उघडी होती आणि वहीत फार काही लिहिलेलं नव्हतं. साहेबांना एकदम कळलं, की उरलेल्या तासाभरात त्या वहीत जे येईल त्यावर सगळं आहे. ते पेंग्याशेजारी बसले, शाळेच्या बाकावर बसावं तसे. पहिल्यांदाच त्यांच्या पाठीला बाक आला होता.

"पेंग्या," ते म्हणाले, "दिवसभर तू बाकीचंही पाहिलंस. मीटरपट्टी पाहिलीस, इस्पितळ पाहिलंस. ते सगळं खरंच आहे ना? मग तेवढंच लिही. हे एवढं सोड. मी आजवर कोणापाशी काही मागितलेलं नाही."

"म्हणजे कमी भरून देऊ?" पेंग्याने विचारलं.

साहेबांच्या बायकोने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं.

"मला तुझं नाव लावायचंय," पेंग्या म्हणाला, आणि आता त्याच्या चेहऱ्यावर झोपेचं नावही नव्हतं. "मी ते मनापासून लावीन. तुला माहीत नव्हतं हे मला पटलंय. तू फक्त समारंभाला ये, आणि ही पुडीची गोष्ट तू स्वतः सांग. मी परिचय वाचणार नाही, तू बोल. तीनशे पोरं आहेत. असं सांगणारा माणूस त्यांना त्या व्यासपीठावर अजून कोणी भेटला नाही."

"पोरं हसतील."

"हसतील की. मग ऐकतील."

साहेबांच्या डोळ्यांसमोर सभागृह आलं. पहिल्या रांगेत गावचे लोक, मागे पोरं. आपण माईकपुढे उभे आणि सांगतोय, की मला चोवीस वर्षं बाजाराने बनवलं. आणि खाली तो कारखानदाराचा मेव्हणा बसलेला, पाय हलवत.

"मुलांपुढे असली सोंगं करायला मी काही तुझ्यासारखा मास्तर नाही," ते म्हणाले. "आणि दगडावरच्या नावाचं मला तसंही काही नव्हतं."

पेंग्याने वही मिटून पिशवीत ठेवली.

"वहिनी, एक ताट द्याल?" तो म्हणाला.

तिने ताट आणून दिलं. पेंग्याने पुडीचा दोरा सोडला. साहेबांच्या तराजूतून साखर आणि बाकीची वजनं उतरवून एका बाजूला पाचशेचं तेवढं राहू दिलं, साहेबांनी घासूनपुसून ठेवलेलं, अगदी खरं. त्याने पुडी दुसऱ्या पारड्यात ठेवली आणि चमच्या-चमच्याने पत्ती काढून ताटात टाकायला लागला. वहिनी तराजू धरून उभी राहिली. दांडी सरळ व्हायला बराच वेळ लागला. एकदा चमचाभर जास्त निघाली, ती त्याने परत घातली. साहेब बघत होते. पद्धतीत त्यांना एकही चूक काढता आली नाही.

पेंग्याने पुडी बांधली, वहिनीला नमस्कार केला, साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. "स्टँड ठाऊक आहे मला. तू नको येऊस," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला. समारंभाची तारीख त्याने सांगितली नाही आणि साहेबांनी विचारली नाही.

बायकोने कप गोळा केले. टेबलावर ताट राहिलं होतं, त्यात शंभर ग्रॅम पत्तीचा लहानसा ढीग.

"ह्याचं काय करायचं?" तिने विचारलं. "त्याचं दुकान आठपर्यंत उघडं असतं. नेऊन देता?"

साहेबांनी ताटाकडे पाहिलं. नेऊन द्यायची म्हणजे ती गल्ली, त्या गल्लीतल्या दोन्ही बाजूंच्या पायऱ्या आणि पायऱ्यांवरचे ते सगळे जोडलेले हात. महिनाअखेरीला अजून अकरा दिवस होते.

"डब्यात टाक," ते म्हणाले.